एन्क्रिप्शन काढलं तर ॲप फास्ट होईल का? प्रायव्हसी आणि स्पीडबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाहीये ना ते तुम्हाला कळेल. तीन जणांची टीम आहे, जिल्ह्याच्या ठिकाणच्या तरुण मंडळींसाठी सोशल ॲप बनवलंय, त्यात फीड, चॅट, ग्रुप, "जवळचे लोक" आणि फोनबुकमधून मित्र शोधायची सोय, साधारण वीसेक हजार युजर, आणि बहुतेकांकडे आठ-दहा हजारांचे अँड्रॉइड फोन. तक्रारी येतायत की ॲप उघडायला वेळ लागतो, फोन तापतो, बॅटरी उतरते. तुमच्यातला एक जण म्हणतो चॅटचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि ज्याला पाठवला त्यालाच वाचता येतो, सर्व्हरला नाही) काढा, सगळं पळायला लागेल, दुसरा म्हणतो प्रायव्हसीला हात लावायचा नाही, आणि तुम्ही विचारताय की मधला मार्ग कुठे काढायचा.

मला हा प्रश्नच जरा बदलायचाय. मधला मार्ग म्हटलं की आपण धरून चालतो की एक वाढवलं की दुसरं कमी होणारच. मी बरीच वर्षं कम्युनिटी आणि चॅटच्या ॲपवर काम करतेय, सर्व्हरच्या बाजूनेही आणि अँड्रॉइडच्या बाजूनेही, आणि "ॲप स्लो आहे" म्हणून जेव्हा जेव्हा ट्रेस (ॲपमध्ये कुठे किती वेळ गेला याची नोंद) उघडून बघितलाय तेव्हा एन्क्रिप्शन हे कारण क्वचितच निघालंय. निघतं ते हे, की ॲप गरज नसलेली माहिती गोळा करतंय, ती पाठवायला दर थोड्या वेळाने फोनचा नेटवर्कचा रेडिओ जागा करतंय, आणि त्यासाठी दुसऱ्यांच्या तयार कोडच्या चार लायब्ररी सुरुवातीलाच मेमरीत भरून घेतंय. म्हणजे बऱ्याच ठिकाणी प्रायव्हसी आणि स्पीडचं भांडणच नाहीये, दोघांना त्रास देणारी गोष्ट एकच आहे. खरं भांडण मोजक्या जागी आहे: फोनबुक मॅचिंग, लोकेशन, आकडेवारी, आणि फोन हरवल्यावर चॅट परत मिळणं. तिथे काहीतरी सोडावंच लागतं, आणि काय सोडतोय ते समजून उमजून सोडायचं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही आधीच सांगते. तुम्ही युजरला कोणापासून वाचवताय यावर बरंच ठरतं. बाहेरचा हॅकर, तुमचाच एखादा कर्मचारी, आणि ॲपवरचा दुसरा युजर, हे तीन वेगळे धोके आहेत आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. मोठ्या कंपन्यांचे लेख वाचून आपण पहिल्या दोघांचा विचार करतो, पण तुमच्यासारख्या एका गावाच्या ॲपमध्ये सगळ्यात जवळचा धोका तिसरा आहे. एकतर्फी प्रेमातून मागे लागलेला मुलगा, ब्रेकअप झालेला जोडीदार, मुलीवर पाळत ठेवणारा चुलतभाऊ. त्याला सर्व्हर हॅक करायची गरजच नाही, त्याला चेहरा माहितीये, कॉलेज माहितीये, गल्ली माहितीये, त्याला फक्त "आत्ता ऑनलाइन" आणि "८०० मीटरवर" एवढं दिसलं तरी पुरतं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण माझी बरीचशी मतं यावरूनच बनलीत.

आता कामाची सुरुवात कुठून करायची. मी प्रत्येक प्रोजेक्टवर एक गोष्ट करायला लावते. एक टेस्ट अकाउंट काढून ते नेहमीसारखं काही दिवस वापरायचं, मग त्या एका युजर आयडीच्या नावावर सर्व्हरच्या बाजूला जिथे जिथे जे काही साठलंय, मुख्य डेटाबेस, सर्व्हरचे लॉग (काय घडलं त्याच्या नोंदी), ॲनालिटिक्स, क्रॅश रिपोर्ट, सगळं एका फाइलीत काढायचं आणि टीमने एकत्र बसून ते वाचायचं. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: ही माहिती कुठल्या स्क्रीनला लागते? उत्तर नसेल तर ती गोळा करणारा कोड काढायचा. ही फाइल वाचली की डोळे उघडतात. चॅटचं एन्क्रिप्शन एकदम कडक, आणि शेजारच्या लॉगमध्ये कोणी कोणाला रात्री किती वाजता किती मेसेज केले, कुठल्या आयपीवरून (नेटवर्कवरच्या पत्त्यावरून), कुठल्या फोनवरून, सगळं साध्या टेक्स्टमध्ये पडलेलं. मेसेजचा मजकूर लपला तरी नातं उघडंच राहिलं ना. आणि हे लॉग लिहायला, पाठवायला, साठवायला तुमचाच पैसा आणि युजरची बॅटरी जातेय.

यातूनच एसडीकेचा, म्हणजे ॲपमध्ये जोडलेल्या बाहेरच्या कंपन्यांच्या लायब्ररींचा, मुद्दा येतो, आणि माझा अंदाज आहे की ॲप उघडायला लागणाऱ्या वेळेचं तुमचं उत्तर इथेच आहे. अँड्रॉइडवर बऱ्याच लायब्ररी आपला कंटेंट प्रोव्हायडर (आपोआप सुरू होणारा एक भाग) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या घटकांच्या यादीत, घालतात आणि तो तुमच्या ॲप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटच्याही आधी चालतो, म्हणजे तुमच्या कोडची पहिली ओळ चालायच्या आत तीन-चार परक्या लायब्ररी जाग्या होऊन डिस्क वाचतायत, आयडी शोधतायत, आपापल्या सर्व्हरला फोन लावतायत. प्रत्येक नवा डोमेन म्हणजे परत डीएनएस (पत्ता शोधणं), परत कनेक्शन, परत हँडशेक (सुरक्षित जोडणी ठरवणं), आणि गावाकडच्या ४जीवर त्या प्रत्येक फेरीला किंमत आहे. मर्ज झालेला मॅनिफेस्ट उघडून कोण कोण घुसलंय ते बघा. जाहिरातींचं, दुसरं ॲनालिटिक्सचं, "कधीतरी लागेल" म्हणून टाकलेलं, सगळं काढा, जे राहील ते पहिली स्क्रीन दिसल्यानंतर सुरू करा. गूगलच्या अँड्रॉइड व्हायटल्समध्ये (ॲप किती नीट चालतंय ते मोजणारी सोय) ५ सेकंद किंवा त्याहून जास्त कोल्ड स्टार्ट, म्हणजे पूर्ण बंद ॲप उघडायचा वेळ, वाईट धरतात, स्वस्त फोनवर चार एसडीके घेऊन तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. परक्या कोडचा धोका नुसता प्रायव्हसीचाच नाही बरं का. जुलै २०२० मध्ये फेसबुकच्या एसडीकेमधल्या बिघाडामुळे आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडरसारखी ॲप्स उघडता उघडताच बंद पडत होती, आणि फेसबुकने लॉगिन न करणाऱ्यांचीसुद्धा.

आता एन्क्रिप्शन, ज्यावरून तुमच्यात वाद आहे. एका टेक्स्ट मेसेजला एन्क्रिप्ट करायचं काम मिलिसेकंदाच्या घरात होतं. आत्ताच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळ्या सूचना असतात, आणि ज्या अगदी स्वस्त चिपमध्ये त्या नसतात तिथे चाचा२० ही दुसरी पद्धत चांगली चालते, गूगलने २०१९ मध्ये अशाच फोनच्या स्टोरेजसाठी त्याच घराण्यातल्या पद्धतीवर आधारलेलं ॲडिएंटम आणलं होतं. मग स्लो काय होतं? माझ्या अनुभवात तीन गोष्टी. पहिली, दर मेसेजला किल्ली, म्हणजे एन्क्रिप्शन उघडणारा गुप्त आकडा, अँड्रॉइड कीस्टोअरमधून (अशा किल्ल्या जपून ठेवायची जागा) वापरणं. कीस्टोअरचं काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात चालतं आणि स्वस्त फोनवर ते चांगलंच हळू असतं, म्हणून त्यातली किल्ली फक्त एकदा, ॲप उघडल्यावर, तुमची डेटाबेसची किल्ली सोडवायला वापरायची आणि ती सोडवलेली किल्ली सेशनभर मेमरीत ठेवायची. दुसरी, एसक्यूएलसायफर (फोनवरचा डेटाबेस एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) वापरत असाल तर आवृत्ती ४ मध्ये पासवर्डवरून किल्ली काढताना डिफॉल्टने हिशोबाच्या २,५६,००० फेऱ्या होतात. हे चांगल्यासाठीच आहे, पण कोणी प्रत्येक क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) कनेक्शन उघडून बंद करत असेल तर प्रत्येक वेळी त्या फेऱ्या होतात आणि फोन तापतो. कनेक्शन एकदाच उघडा, आणि किल्ली आधीच रँडम असेल तर ती कच्ची किल्ली म्हणून द्या, मग त्या फेऱ्या लागतच नाहीत. तिसरी, हे सगळं मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन हलवणाऱ्या मुख्य कामाच्या रांगेत, करणं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

तुमच्या मित्राचं समाधान करायचा सोपा उपाय आहे. एन्क्रिप्शन चालू असलेला एक बिल्ड (ॲपची तयार आवृत्ती), बंद असलेला एक बिल्ड, युजरकडे असतो तसलाच एक स्वस्त फोन, आणि दोन्हींचा कोल्ड स्टार्ट, चॅट उघडायचा वेळ, तासाभराची बॅटरी मोजा. सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट पाच टक्के वेळा काय होतंय ते बघा, तक्रारी तिथूनच येतात. फरक मोठा दिसला तर वरच्या तीन गोष्टींपैकी एक सापडेल. एन्क्रिप्शन काढायची वेळ येईल असं मला अजिबात वाटत नाही, आणि कृपा करून काढू नका, एकदा विश्वासाने लिहिलेले मेसेज सर्व्हरवर उघडे पडायला लागले की ते परत झाकता येत नाहीत.

ग्रुपमध्ये मात्र खर्च खरा आहे. २०० जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक मेसेज प्रत्येकासाठी वेगळा एन्क्रिप्ट केला तर एका "गुड मॉर्निंग"ला २०० वेळा काम आणि २०० पट अपलोड. म्हणून सेंडर की पद्धत वापरतात, प्रत्येक जण आपली ग्रुपची किल्ली बाकीच्यांना एकदाच पाठवतो, पुढचे मेसेज एकदाच एन्क्रिप्ट होतात आणि सर्व्हर ते सगळ्यांना वाटतो. कोणी ग्रुप सोडला की किल्ल्या बदलाव्या लागतात, तो खर्च टळत नाही, पण त्याच क्षणी न करता ज्याचा त्याने पुढच्या मेसेजच्या वेळी केला तरी चालतं, म्हणजे दहा जण एका दिवशी बाहेर पडले तरी काम एकदाच. हजारोंचे ग्रुप असतील तर एमएलएस हे मोठ्या ग्रुपच्या एन्क्रिप्शनचं तंत्र बघा, जुलै २०२३ मध्ये इंटरनेटचं मानक, आरएफसी ९४२०, म्हणून ते प्रसिद्ध झालं आणि त्यात सभासद वाढले तरी बदलाचा खर्च तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. काही असलं तरी स्वतःचा एन्क्रिप्शनचा कोड लिहू नका. लिबसिग्नल ही सिग्नल या चॅट ॲपची तयार लायब्ररी आहे, फक्त तिचं लायसन्स एजीपीएल (तुमचाही कोड खुला करायची अट घालू शकणारं) आहे, ते वापरायच्या आधी त्याचे परिणाम समजून घ्या.

फोटोंचं काम सोपं आहे आणि तिथे दोन्हीकडून फायदा होतो. कॅमेऱ्यातला फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि लोकेशन चालू असेल तर त्याच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणारी न दिसणारी माहिती) घराचे अक्षांश-रेखांश असतात. फोनवरच लांबी-रुंदी कमी करून नव्याने जेपीईजी बनवा आणि एक्झिफ मुद्दाम परत चिकटवू नका, साइझही उतरते आणि घराचा पत्ताही जात नाही. थंबनेल फोनवरच बनवून मेसेजसोबत एन्क्रिप्ट करून पाठवा. फोटो एका रँडम किल्लीने एन्क्रिप्ट करून एकदाच अपलोड करायचा आणि फॉरवर्ड करताना फक्त किल्ली आणि पत्ता पाठवायचा, परत अपलोड नाही. लिंकचा प्रिव्ह्यूसुद्धा पाठवणाऱ्याच्या फोनवर बनवा, नाहीतर ज्याला मेसेज आला त्याचा फोन न विचारता त्या साइटला जातो आणि त्याचा आयपी तिथे उघड होतो.

नोटिफिकेशनमध्ये लोक दोन टोकांना जातात. एक तर मेसेजचा मजकूर साधाच पुशमध्ये (सर्व्हरने गूगल किंवा ॲपलमार्फत फोनला पाठवलेल्या सूचनेत) टाकतात, म्हणजे एन्क्रिप्शन करून उपयोग काय. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी पत्र लिहून उघड केलं की सरकारं ॲपल आणि गूगलकडून पुश नोटिफिकेशनची माहिती मागवत होती. दुसरं टोक म्हणजे रिकामा पुश पाठवून ॲपला जागं करायचं आणि मग सर्व्हरवरून मेसेज आणायचा, हे सुरक्षित आहे पण आपल्याकडच्या बऱ्याच फोनचा बॅटरी सेव्हर बॅकग्राउंडमधल्या ॲपला मारून टाकतो आणि मेसेज तासाने दिसतो. एफसीएम या गूगलच्या पुश सेवेच्या डेटा मेसेजमध्ये ४ केबीपर्यंत मजकूर मावतो, साध्या टेक्स्टला तेवढं भरपूर झालं, तेव्हा एन्क्रिप्ट केलेला मेसेजच त्यात टाका, फोनवर उघडा आणि दाखवा. एक फेरी वाचते. कोणाला कधी मेसेज आला एवढं गूगलला दिसतंच, ते या मार्गाने टाळता येत नाही. हाय प्रायोरिटी फक्त चॅटला, "अमुकने फोटो लाइक केला" याला नको.

"आत्ता ऑनलाइन" आणि "लास्ट सीन"चंही इथेच सांगते. एकाने ॲप उघडलं की त्याच्या दीडशे मित्रांच्या फोनला कळवायचं, त्याने बंद केलं की परत कळवायचं. मोबाइलचा रेडिओ एकदा जागा झाला की एवढंसं पाकीट गेल्यावरही काही सेकंद जास्त पॉवरमध्ये राहतो, म्हणजे बॅटरी खाणाऱ्या फालतू कामात हे वरच्या नंबरला. आणि पाळत ठेवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. मी असते तर हे फीचर डिफॉल्टने बंद ठेवलं असतं, आणि चालू असेल तेव्हाही चॅटची स्क्रीन उघडलेली असताना समोरच्या एका माणसापुरतंच.

आता खऱ्या अडचणीच्या जागा. फोनबुक मॅचिंगबद्दल तुम्ही हॅशचं (नंबरावरून गणिताने काढलेला, थेट उलगडत नाही असा ठसा) लिहिलंय की "नंबर हॅश करून पाठवतो, त्यामुळे सेफ आहे". नाही. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी. चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डला एवढ्या सगळ्यांचे शा-२५६ (हॅशची नेहमीची पद्धत) हॅश काढून तुमच्याशी जुळवायला काही सेकंद लागतात. सॉल्ट (हॅश काढायच्या आधी मिसळायची जादा अक्षरं) टाकलं तरी मॅचिंगसाठी सगळ्यांना तोच सॉल्ट माहीत असावा लागतो, मग तो असून नसल्यासारखा. हळू हॅश वापरू म्हणाल तर हिशोब करून बघा. एका हॅशला ०.१ सेकंद लागेल असा अर्गॉन२ लावला, तर ५०० कॉन्टॅक्ट असलेल्या तुमच्या युजरचा फोन ५० सेकंद फुल स्पीडने तापणार, आणि हल्लेखोराला ४० कोटी सेकंद लागणार, म्हणजे प्रोसेसरच्या एका कोरवर साडेबारा वर्षं. ऐकायला छान वाटतं, पण त्याने क्लाउडवर हजार कोर भाड्याने घेतले की पाच दिवसांच्या आत काम संपलं. म्हणजे त्रास सगळा तुमच्या युजरला आणि संरक्षण थोड्या दिवसांचं.

आणि हॅश सोडा, नुसतं "हा नंबर ॲपवर आहे का" असं विचारता येणं हाच धोका आहे. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे नंबर आणि नावं उघड्यावर आली, ती कॉन्टॅक्ट इम्पोर्ट करायच्या सोयीतून खरवडलेली होती, आणि त्यासाठी आयर्लंडच्या नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये २६.५ कोटी युरो दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी व्हॉट्सॲपच्या अशाच सोयीतून ३५० कोटी अकाउंट शोधून दाखवली. सिग्नलने २०१७ पासून प्रोसेसरमधल्या बंद कप्प्यात, एसजीएक्समध्ये, हे मॅचिंग करायला सुरुवात केली, पण ते चालवणं तीन जणांच्या टीमचं काम नाही.

माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या ॲपला फोनबुक मॅचिंगची गरजच नाही. वीस हजार युजर एका भागातले, ते एकमेकांना कॉलेजच्या कट्ट्यावर, क्लासला भेटतातच, तिथे क्यूआर कोड किंवा इन्व्हाइट लिंक जास्त चालते. शिवाय एका पोराने सिंक केलं की त्याची आजी, डॉक्टर, दुकानदार, ज्यांनी तुमच्या ॲपचं नावही ऐकलेलं नाही, त्यांचे नंबर तुमच्याकडे येतात, त्यांना कोणी विचारलं? तरीही सोय ठेवायचीच असेल तर पूर्ण फोनबुक नाही, युजरने निवडलेले नंबरच घ्या, मेमरीत मॅच करून टाकून द्या, साठवू नका. "माझ्या नंबरावरून मला शोधता येईल" हे प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये बंद ठेवून सुरुवात करा आणि नव्या अकाउंटला दिवसाची मर्यादा घाला. थोडे मित्र कमी सापडतील. ती किंमत मी देईन.

लोकेशनचं बघू. टिंडरने एकेकाळी अंतर इतकं बारीक पाठवलं होतं की तीन खोट्या जागांवरून अंतर विचारून समोरचा माणूस शंभर फुटांच्या आत शोधता येत होता, २०१४ मध्ये हे जाहीर झालं. त्यावर लोक काय करतात, तर दाखवताना अंतर किलोमीटरला राउंड करतात. पुरत नाही. हल्लेखोर आपली खोटी जागा थोडी थोडी सरकवत नेतो आणि १ चा २ कुठे होतो ते बघतो, तीन बाजूंनी तसं केलं की परत नेमकी जागा हातात. दर वेळी थोडा रँडम फरक मिसळला तर तो पुन्हा पुन्हा विचारून सरासरी काढतो. बरोबर पद्धत ही, की आधी जागाच चौकटीत बसवायची, आणि तीही फोनवर, सर्व्हरवर नाही. जीपीएस न लावता अँड्रॉइडचं अंदाजे लोकेशन घ्या, ते साधारण ३ चौरस किलोमीटरच्या भागापर्यंतच सांगतं आणि अँड्रॉइड १२ पासून युजरला तेवढंच द्यायचा पर्याय असतो. त्याचा जिओहॅश (जागा अक्षरांत लिहायची पद्धत, अक्षरं कमी तेवढा भाग मोठा) काढून पहिली ५ अक्षरं पाठवा, तो साधारण ५ किलोमीटरचा चौकोन होतो. माणूस चौकटीच्या कडेला राहत असेल तर इकडून तिकडे उड्या मारत राहील आणि त्यावरूनही घर कळेल, म्हणून चांगलं आत गेल्याशिवाय चौकट बदलायची नाही.

हे केलं की स्पीडही वाढतो. जीपीएस बंद म्हणजे बॅटरी वाचली, सर्व्हरवर अंतराची गणितं नाहीत, फक्त "या चौकटीत कोण कोण" एवढी साधी क्वेरी, आणि तिचं उत्तर सगळ्या चौकटीसाठी एकच असल्याने कॅश करता येतं, म्हणजे एकदा काढून परत परत वापरता येतं. जुनी लोकेशन साठवू नका, फक्त शेवटची चौकट, तीही काही तासांनी आपोआप उडणारी. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या डेटामध्ये वेळ आणि जागेचे नुसते चार बिंदू घेतले तर ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता येत होती, नाव काढून टाकलेलं असूनही. आणि सगळ्यांचं मिळून दाखवलं तरी धोका टळतोच असं नाही, स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवायच्या ॲपने सगळ्यांच्या धावण्याचा एकत्र नकाशा काढला होता, त्यात जानेवारी २०१८ मध्ये लोकांना वाळवंटातले लष्करी तळ उजळलेले दिसले, कारण आजूबाजूला दुसरं कोणी धावतच नव्हतं.

तुमची खरी अडचण नेमकी तीच आहे, माणसं विरळ असणं. दादरला ५ किलोमीटरच्या चौकटीत लाखो लोक असतात, तालुक्याच्या एका गावात तुमचे सातच युजर असतील आणि त्यातली मुलगी एकच. म्हणून चौकटीत किमान काही युजर, वीस म्हणा, नसतील तर ती मोठी करायची, जिओहॅशची ४ अक्षरं घ्यायची, पण मग ती साधारण ३९ बाय २० किलोमीटर होते आणि "जवळचे लोक" म्हणजे अर्धा तालुका होतो. इथे मात्र फीचर आणि सुरक्षितता दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. मी असते तर हे फीचर काढून युजरला स्वतः जागा निवडू दिली असती, कॉलेज, बस स्टँड, अमुक चौक, तेही त्या दिवसापुरतं. लोकेशनची परमिशनच लागणार नाही.

फीड आणि आकडेवारीबद्दल थोडक्यात. वीस हजार जणांच्या ॲपला कोण कुठल्या पोस्टवर किती सेकंद थांबलं हे सर्व्हरवर न्यायची गरज नाही. वेळेनुसार पन्नास-शंभर पोस्ट पाठवा आणि कोणाची वर दाखवायची ते फोनवर ठरवा, फोनला ते कळतंच. डिफरन्शिअल प्रायव्हसीबद्दल (उत्तरांत मुद्दाम गोंधळ मिसळून एकेका माणसाला झाकायचं) तुम्ही विचारलंय, गूगल २०१४ पासून आणि ॲपल २०१६ पासून वापरतात, पण त्यांच्याकडे कोट्यवधी फोन आहेत. साधी पद्धत घ्या: फोन नाणं उडवतो, छापा आला तर खरं हो-नाही सांगतो, काटा आला तर परत उडवून छापा तर हो, काटा तर नाही असं सांगतो. १०,००० जणांनी अशी उत्तरं दिली तर एकूण टक्केवारीत साधारण दोन टक्क्यांची चूक होते, ते चालेल. ४०० जणांची दिली तर चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणजे पूर्ण ॲपपुरत्या एखाद्या मोठ्या प्रश्नाला ती वापरा, एका कॉलेजपुरतं बघायचं असेल तर सोडून द्या. बाकीच्यासाठी फोनवरच दिवसभराचं मोजून रात्री, चार्जिंगला आणि वायफायवर असताना, युजर आयडीशिवाय नुसते आकडे पाठवा.

कायद्याचं दुर्लक्षून चालणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम तुम्हालाही लागू होणार, बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि त्यांच्या वागण्याचा माग काढायला मनाई आहे, तुमच्याकडे अकरावी-बारावीची मुलं असणारच. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आणि त्याच नियमांत काही माहिती आणि लॉग किमान वर्षभर ठेवायचीही अट आहे, म्हणून "घेऊ आणि नंतर डिलीट करू" यावर विसंबू नका, सर्व्हरवर यायच्या आधीच कमी करा. यावर वकिलाचा सल्ला घ्याच, मी वकील नाही.

क्रम असा लावा. आधी एका युजरची ती फाइल काढून वाचा आणि एसडीके साफ करा, मग कीस्टोअर आणि डेटाबेसचं बघा, मग ऑनलाइन-लास्ट सीन बंद, लोकेशन चौकटीत. फोनबुक शेवटी, कारण त्याला पर्याय तयार करून मगच काढता येईल.

एक विषय राहिला, बॅकअप. एंड-टू-एंड ठेवलं की फोन बदलल्यावर जुने चॅट कुठून आणायचे हा प्रश्न येतो. किल्ली तुमच्या सर्व्हरवर ठेवली तर परत मिळवणं सोपं, पण मग एन्क्रिप्शन नावापुरतं. किल्ली युजरकडे ठेवली, व्हॉट्सॲप २०२१ पासून बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली देतं तसं, तर विसरला की गेलं. जुन्या फोनवरून नव्यावर क्यूआर स्कॅन करून वायफायने थेट नेणं मला सगळ्यात आवडतं, पण त्याला जुना फोन चालू लागतो आणि स्वस्त फोन बहुतेक वेळा पडून फुटल्यावर किंवा बंद पडल्यावरच बदलला जातो. तुमच्याकडे "फोन गेला, चॅट परत द्या" अशा तक्रारी किती येतात ते एकदा बघून सांगा, आणि जमलं तर स्वस्त फोनवरच्या कोल्ड स्टार्टचा ट्रेसही टाका, त्यातली युजरची माहिती काढून. ते बघून पुढचं नेमकं सांगता येईल.